घडणावळीचे मोल : फाबर्झे पेढीची कारागिरी आणि तिचे परदेशी संग्राहक

सराफाच्या पेढीवर जुना दागिना मोडीस आला म्हणजे त्याचा हिशेब कसा होतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याचे कारण नाही. कसोटीवर कस पाहावा, काट्यावर वजन करावे, लाखेची व खड्यांची वजावट करावी, घट धरावी आणि त्या दिवसाच्या भावाने रक्कम मोजावी, हा शिरस्ता बेळगाव-शहापूरपासून इंदूरच्या सराफ्यापर्यंत एकच आहे. दागिना करविताना गिऱ्हाइकाने जी घडणावळ दिलेली असते, ती या हिशेबात कोठेच येत नाही. ती मुशीत जळून जाते. नित्याच्या व्यवहारास हा हिशेब योग्यच आहे. परंतु क्वचित प्रसंगी तो सपशेल कसा फसतो, याचे एक अलीकडचे उदाहरण अमेरिकेत घडले. त्याच्या निमित्ताने रशियातील एका पेढीचा व तिच्या मालाच्या देशोदेशींच्या गिऱ्हाइकांचा वृत्तांत येथे देण्याचे योजिले आहे.

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका मोडीच्या सोन्याच्या व्यापाऱ्याने जुनेर बाजारात अंड्याच्या आकाराची एक सोन्याची वस्तू सुमारे १४ हजार डॉलर देऊन घेतली. ती तीन पायांच्या छोट्या चौरंगीवर बसविलेली असून आत एक लहानसे घड्याळ होते. आटवून चारपाचशे डॉलर सुटतील, एवढाच त्याचा अंदाज होता. पण ज्यांना ज्यांना त्याने ती दाखविली, त्यांनी त्याच्या खरेदीइतकीही किंमत देऊ केली नाही. सोन्याचा त्याचा अदमास चुकला होता. तोट्यात विकणे जिवावर आल्यामुळे ती वस्तू त्याच्या घरात तशीच पडून राहिली. मोडीत जाण्यापासून ती वाचली, ती अशी व्यापाऱ्याच्या चुकीमुळे. पुढे २०१२ साली त्याने संगणकावर घड्याळाच्या कारखान्याचे नाव आणि ‘अंडे’ हा शब्द घालून शोध केला, तेव्हा एका इंग्रजी वृत्तपत्रातील २०११ सालचा लेख त्याच्यासमोर आला. रशियाचा झार तिसरा अलेक्झांडर याने १८८७ साली आपल्या राणीस दिलेले आणि कित्येक वर्षे बेपत्ता असलेले ते अंडे होते. गृहस्थ छायाचित्रे घेऊन लंडनला वार्ट्‌स्की नामक जवाहिऱ्याच्या पेढीवर गेला. पेढीचा तज्ज्ञ त्याच्याबरोबर अमेरिकेस येऊन पाहतो, तो स्वयंपाकघरातील ओट्यावर गोड केकच्या शेजारी ती राजवस्तू ठेविलेली! पेढीने एका संग्राहकासाठी ती विकत घेतली व एप्रिल २०१४ मध्ये लंडनमध्ये लोकांस पाहण्यास मांडली. सौद्याची रक्कम प्रसिद्ध झाली नाही. वृत्तपत्रांनी तिचे मोल सुमारे दोन कोटी पौंड धरले. मौज अशी की, हीच वस्तू १९६४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात केवळ २,४५० डॉलरला गेली होती. विकणाऱ्यास व घेणाऱ्यास तिचा कर्ता कोण, हे ठाऊक नव्हते.

‘अंडे’ हा शब्द आपल्या वाचकांपैकी कित्येकांस रुचणार नाही, याची जाणीव आहे. येथे तो केवळ आकाराचा वाचक आहे, वस्तू सोन्याची, मिन्याची वा स्फटिकाची. रशियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टर हा सर्वांत मोठा सण. त्या दिवशी रंगविलेली अंडी परस्परांस भेट देण्याची तेथे चाल आहे. १८८५ साली झारने आपल्या राणीसाठी या चालीस अनुसरून एक मूल्यवान भेटवस्तू करविली. बाहेरून पांढऱ्या मिन्याचे कवच, ते उघडले की सोन्याचा बलक आणि त्याच्या आत सोन्याची कोंबडी, अशी ती रचना होती. तेव्हापासून दर ईस्टरला एक, आणि दुसरा निकोलस गादीवर आल्यावर आई व पत्नी यांच्यासाठी दोन, याप्रमाणे १९१६ पर्यंत ५० अंडी राजघराण्यास पोचती झाली. रशिया-जपान युद्धामुळे १९०४ व १९०५ ही दोन वर्षे तेवढी खाडा पडला. प्रत्येकाच्या पोटात काहीतरी नवे कौतुक दडलेले असे. ते काय असेल, याचा पत्ता खुद्द झारलाही आगाऊ लागू देत नसत, असे सांगतात.

ही कामे करणारी पेढी कार्ल फाबर्झे यांची. मूळ घराणे फ्रान्समधील प्रॉटेस्टंट पंथाचे. धर्मच्छळामुळे देश सोडून उत्तरेकडे गेलेले. वडील गुस्ताव यांनी १८४२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे दुकान थाटले. कार्ल यांचा जन्म १८४६ सालचा. १८७२ मध्ये त्यांनी पेढीचा भार घेतला आणि १८८५ मध्ये राजदरबाराचे अधिकृत पुरवठादार हा किताब मिळविला. पुढे मॉस्को, ओडेसा, कीव्ह व लंडन येथे शाखा निघाल्या. भरभराटीच्या काळी सुमारे ५०० माणसे पदरी होती आणि पेढीच्या हयातीत दीड लाखाहून अधिक नग तयार झाले. राजाची ती ५० अंडी म्हणजे या पेढीची पताका. तिचा खरा धंदा सिगारेटपेट्या, घड्याळे, तसबिरीच्या चौकटी, छत्रीच्या मुठी, घंटीची बटणे आणि चांदीची भांडी यांवर चाले.

व्यापारी दृष्टीने पाहता या पेढीची व्यवस्था मनन करण्याजोगी आहे. स्वतः कार्ल फाबर्झे हातात हातोडी घेऊन बसत नसत. कोलिन, पेर्खिन, विगस्ट्रोम, होल्मस्ट्रोम असे कसबी उस्ताद त्यांच्याबरोबर काम करीत. त्यांत फिनलंडचे पुष्कळ होते. पेर्खिन मात्र उत्तर रशियातील शेतकरी कुळातला. प्रत्येक उस्तादाचा कारखाना त्याचा स्वतःचा. जागा, नकाशे व माल पेढी पुरवी. उस्तादाने काम मात्र त्या पेढीसाठीच करावयाचे. वस्तूवर पेढीच्या नावाबरोबर उस्तादाच्या नावाची आद्याक्षरेही ठोकली जात. सोने देऊन सोनाराकडून दागिना घडवून घेण्याची आपल्याकडील रीत याहून फार निराळी नाही. भेद एवढाच की, आपल्या सोनाराचे नाव दागिन्यावर कधी उमटले नाही, आणि म्हणून शंभर वर्षांनी त्याची ओळख कोणास पटविता येत नाही. पसंतीस न उतरलेला नग मालक हातोड्याने फोडून टाकीत, अशी आख्यायिका आहे.

आता मालाच्या कसाविषयी. रशियात कस झोलोत्‌निकांत सांगत. ९६ झोलोत्‌निक म्हणजे चोख सोने. फाबर्झे यांच्या बहुसंख्य सोन्याच्या वस्तूंवर ५६ चा छाप आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने १४ कॅरट. उंची मालावर ७२ चा, म्हणजे १८ कॅरट. बावनकशी सोन्याचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या गिऱ्हाइकाने असा माल हीणकस म्हणून परत केला असता! परंतु कारागिराच्या दृष्टीने या हिणाचेच काम होते. चोख सोने मऊ. पेटीचे बारीक बिजागर त्यात टिकत नाही. तांबे घातले म्हणजे तांबूस छटा येते, चांदी घातली म्हणजे हिरवट. अशा तीनचार रंगांच्या सोन्याच्या वेली एकाच पेटीवर चढविण्यात या पेढीचा हातखंडा होता. आपण हिणाकडे तूट म्हणून पाहतो. त्यांनी त्याचा रंग म्हणून उपयोग केला.

मिन्याचे काम हा तर त्यांचा प्राणच. आपल्याकडील मीनाकारीत धातू कोरून खळगे करतात आणि त्यांत रंग भरतात. फाबर्झे यांच्या कारखान्यात प्रथम यंत्राच्या साह्याने चांदीवर वा सोन्यावर लहरींच्या किंवा किरणांच्या अतिसूक्ष्म रेषा कोरीत आणि त्या सबंध पृष्ठभागावर पारदर्शक मीना चढवीत. काचेची पूड पसरावयाची, ७०० ते ८०० अंश सेंटिग्रेडच्या भट्टीत भाजावयाची, निवाली की दुसरा थर. असे पाचसहा थर. सपाट पत्र्यावर हे कठीण, गोलाकार वस्तूवर फारच कठीण, कारण एखाद्या जागी धूलिकण राहिला किंवा थर असमान बसला तर भट्टीत भेग पडते आणि सर्व श्रम फुकट जातात. शेवटी लाकडी चाकावर व हरणाच्या कातड्यावर तासन्‌तास घासून झिलई आणीत. वस्तू हातात फिरविली म्हणजे रंगाच्या खालून रेषा पाण्यासारख्या हलतात. अशा छटा शंभरावर होत्या. याखेरीज उरल पर्वतातील हिरवे, गुलाबी व करडे दगड कोरून पशुपक्षी करीत. त्यांत हिरे-माणकांची किंमत अशी नसेच. केवळ हिऱ्यामोत्यांनी महाग झालेली वस्तू आपणांस आकर्षित करीत नाही, हे फाबर्झे यांनी १९१४ सालच्या एका मुलाखतीत स्पष्टच सांगितले होते.

या मालाचे परदेशी गिऱ्हाईक प्रथम नात्यागोत्यातून मिळाले. रशियाची राणी मारिया आणि इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा या सख्ख्या बहिणी, डेन्मार्कच्या राजकन्या. एकीकडून दुसरीकडे भेटी गेल्या आणि लंडनच्या दरबारात या वस्तूंचा छंद लागला. १९०७ साली सातव्या एडवर्डने आपल्या सँडरिंगहॅम येथील घोडे, कुत्री व इतर जनावरे दगडात कोरवून घेण्याचे ठरविले. पेढीचे मूर्तिकार तेथे जाऊन मेणाचे नमुने करून आले. त्या राजसंग्रहात आज शेकडो नग आहेत. १९०२ साली मार्लबरोची डचेस कॉन्स्वेलो रशियात गेली असता राणीकडील नमुने पाहून तिने स्वतःसाठी गुलाबी मिन्याचे घड्याळी अंडे करविले. ती मूळची अमेरिकेतील व्हँडरबिल्ट या धनाढ्य घराण्यातील होती. आपल्या देशाशीही या मालिकेतील एका अंड्याचा दूरचा संबंध पोचतो. युवराज निकोलस ‘पाम्यात आझोव्हा’ या युद्धनौकेतून पूर्वेच्या प्रवासास निघाला आणि डिसेंबर १८९० मध्ये मुंबईस उतरला. त्या नौकेची सोन्याची व प्लॅटिनमची चिमुकली प्रतिकृती, समुद्राच्या रंगाच्या निळसर रत्नाच्या पाटीवर तरंगणारी, १८९१ सालच्या अंड्यात बसविलेली आहे. बाहेरचे कवच लाल ठिपक्यांच्या हिरव्या दगडाचे. ती वस्तू मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे.

१९१७ ची क्रांती झाली आणि हे सर्व कोसळले. १९१८ मध्ये पेढी सरकारजमा झाली. फाबर्झे देश सोडून गेले व १९२० साली स्वित्झर्लंडमधील लोझान येथे वारले. राजवाड्यातील वस्तू पेट्यांत भरून मॉस्कोस नेल्या. नव्या सरकारपुढे प्रथम दुष्काळ उभा राहिला, मागून औद्योगिक योजना आल्या. यंत्रे परदेशातून आणावयाची तर परकी चलन पाहिजे. तेव्हा राजांचा, सरदारांचा आणि देवळांचा ठेवा विक्रीस निघाला. चांदीची कित्येक भांडी आटविण्यात आली. १९३० व १९३१ मध्ये अँड्र्यू मेलन या अमेरिकन कोट्यधीशाने हर्मिटेज संग्रहालयातील २१ चित्रे सुमारे ६६ लक्ष डॉलरना उचलली. फाबर्झे यांच्या वस्तूंना तर कलावस्तू म्हणूनही कोणी मोजीत नव्हते. पदच्युत राजाची खेळणी म्हणून त्या फुटकळ भावाने गेल्या. विकणाऱ्याला गरज होती, जगात मंदी होती, आणि विकणारा मालाचा तिरस्कारही करीत होता. तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर भाव काय येणार!

त्या वेळी पुढे झाले ते व्यापारी. लंडनच्या वार्ट्‌स्की पेढीचे मूळ पुरुष मॉरिस वार्ट्‌स्की हे पोलंडमधून आलेले ज्यू गृहस्थ. १८६५ साली वेल्समधील बँगर या लहान गावी त्यांनी धंदा सुरू केला. त्यांचे जावई इमॅन्युएल स्नोमन यांनी १९२५ पासून रशियाच्या खेपा करून अनेक राजअंडी व इतर वस्तू खरेदी केल्या. परक्या मुलखात स्थायिक होऊन जावई-मुलांच्या हाताने पेढी वाढविणारे घराणे म्हटल्यावर आपल्या वाचकांस ते परके वाटणार नाही. त्यांचे चिरंजीव केनेथ स्नोमन यांनी १९५३ साली फाबर्झे यांच्या कलेवर ग्रंथ लिहिला. व्यापाऱ्यानेच आपल्या मालाचा अभ्यास करून तो जगास समजावून दिला, हे विशेष.

अमेरिकेत हे काम आर्मंड हॅमर यांनी निराळ्या पद्धतीने केले. ते १९२१ मध्ये रशियात गेले, मॉस्कोत पेन्सिलींचा कारखाना चालविला आणि परतल्यावर राजखजिन्यातील म्हणून मोठा साठा विक्रीस काढला. ऐन मंदीत, १९३२ पासून, तो त्यांनी सेंट लुईसपासून आरंभ करून मोठमोठ्या शहरांच्या दुकानांत कपड्यांच्या व बुटांच्या शेजारी मांडला. आपणच हा खजिना विकत घेतला, असे ते सांगत. सोविएत सरकारच्या वतीने कमिशनवर ते विक्री करीत होते, असा नंतरच्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. जाहिरातीत मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. राजाच्या शोकान्ताची कथा मालाबरोबर फुकट मिळत होती.

गिऱ्हाइकांत स्त्रिया अधिक होत्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे. व्हर्जिनियातील लिलियन टॉमस प्रॅट या जनरल मोटर्सच्या एका अधिकाऱ्याच्या पत्नी. १९३३ पासून त्यांनी हप्त्याहप्त्याने पैसे फेडून पाच राजअंडी व शेकडो वस्तू जमविल्या. १९४७ मध्ये त्या वारल्या, तेव्हा तो सर्व संग्रह रिचमंडच्या संग्रहालयास मिळाला. ओहायोतील क्लीव्हलँडच्या संग्रहालयात एका राजअंड्याखाली ‘इंडिया अर्ली मिन्शॉल’ असे दात्रीचे नाव आहे. त्यातील ‘इंडिया’ हे त्या बाईंचे पाळण्यातले नाव, आपल्या देशाशी त्याचा संबंध नाही.

सर्वांत विस्तृत संग्रह मार्जरी मेरीवेदर पोस्ट यांचा. वडिलांच्या धान्यपदार्थांच्या धंद्याच्या त्या वारसदार. पती जोसेफ डेव्हिस हे १९३७ व १९३८ मध्ये मॉस्कोत अमेरिकेचे राजदूत होते. तेथील सरकारी दुकानांत देवळांतून जप्त केलेली पूजापात्रे चांदीच्या वजनावर विकली जात असत. बाईंनी ती पारखून घेतली. त्यांच्या वॉशिंग्टन येथील ‘हिलवुड’ या निवासाचे १९७७ पासून संग्रहालय झाले आहे. तेथे दोन राजअंडी आहेत. तसेच दुसऱ्या कॅथरीन राणीने सेंट पीटर्सबर्गच्या मठासाठी करविलेले, हिरे जडविलेले १७९१ सालचे सोन्याचे पूजापात्रही आहे. देवद्रव्याला हात लावणे हे ज्या समाजात महत्पाप मानतात, त्या समाजातील वाचकास हे पात्र परक्याच्या दिवाणखान्यात पाहताना काय वाटेल, हे सांगावयास नको. बाईंनी ते घेतले नसते तर कदाचित मुशीत गेले असते, हेही तितकेच खरे. प्रस्तुत लेखकाच्या मते दोष विकणाऱ्याकडे जातो. पण संग्राहकाचे भाग्य बहुधा कोणाच्या तरी दुर्दैवावर उभे असते, ही गोष्ट या सुंदर कपाटांपुढे उभे राहून विसरता येत नाही.

एकदा मागणी उठली म्हणजे खोटा माल मागून येतोच. ५६ चा छाप, उस्तादाची आद्याक्षरे, पेढीचे नाव, सगळे बनावट. असा माल इतका झाला की त्यास ‘फोबर्झे’ असे थट्टेचे नाव पडले. येथे कसोटीचा दगड निरुपयोगी. खऱ्याची पारख करण्यास नजर लागते आणि नजरेस आधार लागतो तो वहीचा. लंडन शाखेच्या खातेवह्या सुदैवाने उरल्या आहेत. त्यांत तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, वस्तूचे वर्णन, पौंडांत विक्री आणि रुबलांत पडलेली किंमत अशी नोंद आहे. होल्मस्ट्रोम यांच्या कारखान्याच्या १९०९ ते १९१५ या काळातील दागिन्यांच्या चित्रांसह लिहिलेल्या वह्याही हाती लागल्या. जुन्या वह्या जागा अडवितात म्हणून रद्दीत घालणाऱ्या पेढ्यांनी हे ध्यानात घ्यावे. ज्या नगाची नोंद अशा वहीत सापडते, त्याचा भाव एका रात्रीत पालटतो.

पुढे अमेरिकेतील नियतकालिकाचे मालक माल्कम फोर्ब्झ यांनी नऊ राजअंडी जमविली. क्रेमलिनकडे दहा होती, आणि या चुरशीचा त्यांना मोठा अभिमान असे. ते १९९० मध्ये वारले. २००४ साली त्यांच्या वारसांनी लिलाव जाहीर केला असता रशियातील उद्योगपती व्हिक्टर व्हेक्सेलबर्ग यांनी लिलावापूर्वीच सबंध संग्रह दहा कोटींहून अधिक डॉलर देऊन उचलला. १८८५ ची ती पहिली कोंबडी त्यातच होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथील शुवालोव्ह प्रासादात त्याचे संग्रहालय उघडले. मंदीत कवडीमोलाने गेलेला माल तेजीत सोन्याच्या अनेक पट भावाने घरी परतला.

भावाचा चढ पाहावयाचा तर १९१३ सालच्या ‘हिवाळा’ या अंड्याचा पाहावा. ते स्फटिकाचे आहे. त्यावर गोठलेल्या दवासारखी हिऱ्यांची नक्षी आणि आत पांढऱ्या फुलांची छोटी टोपली. झारला ते २४,६०० रुबलना पडले. क्रांतीनंतर वार्ट्‌स्की यांना ते ४५० पौंडांस मिळाले; १९३४ मध्ये त्यांनी ते लॉर्ड ॲलिंग्टन यांस १,५०० पौंडांस दिले. १९९४ साली जिनीव्हात त्याला ७२ लाखांहून अधिक स्विस फ्रँक आले, २००२ मध्ये न्यूयॉर्कला ९५ लाखांहून अधिक डॉलर, आणि डिसेंबर २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे २ कोटी २९ लक्ष पौंड. त्यात सोने जवळजवळ नाहीच. स्फटिक हा तर स्वस्त दगड. हिरे आहेत, पण ते बारीक.

या अंड्याचा नकाशा आल्मा पील नावाच्या तरुणीने काढला होता. ती उस्ताद होल्मस्ट्रोम यांची नात, आणि तेव्हा पंचविशीतली. क्रांतीनंतर १९२१ मध्ये ती पतीसह फिनलंडला गेली आणि तेथील कूसानकोस्की या कागद गिरण्यांच्या गावी शाळेत मुलांस चित्रकला व सुलेखन शिकवू लागली. तिने आपल्या पूर्वायुष्याविषयी क्वचितच कोणाजवळ काढले. बाई पूर्वी काय करीत असत, हे तिच्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हते. १९७६ साली ती वारली.